बुधाजीकाकांचा पखवाज परदेशी जातो

माझ्याबद्दल लोकांचा एक जुना गैरसमज आहे. मला इंग्रजी फॉर्म भरता येतात, असा. तो मीच वाढवला, हे कबूल करतो. नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीत रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत जो कागद येई तो आधी माझ्या दारात येई. मग मी चष्मा पुसून, पेन झटकून, समोरच्याला दोन मिनिटं ताटकळत ठेवून मगच तो वाचायला घेई. विमा कंपनीत एकतीस वर्षं मी क्लेमच्या टेबलावर होतो. लोकांनी अर्जात काय चुकीचं लिहिलंय ते शोधायचं आणि त्यांचा क्लेम नाकारायचा, हे माझं काम. म्हणून गेल्या दसऱ्यानंतर बुधाजी परब माझ्याकडे आले आणि पखवाज ऑस्ट्रेलियाला पाठवायचाय म्हणाले तेव्हा मी म्हणून गेलो, "त्यात काय एवढं काका? एक फॉर्म तर भरायचा."

ते वाक्य मी मागे घेतो.

बुधाजीकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळ पाडायला घेतली तेव्हा नवी घरं मिळेपर्यंत राहायला आम्ही दोघांनी मुद्दाम भोईवाड्यात एकाच मजल्यावर खोल्या घेतल्या, म्हणून आमचं शेजारपण टिकलं. मूळचे देवगडकडचे. सतराव्या वर्षी मुंबईत आले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. तिथे शेकडो माग एका वेळी चालायचे. शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू जायचं नाही. त्यामुळे खात्यात सगळं बोलणं हातांनी आणि ओठांनी. धागा तुटला, मुकादम आला, चहा आला, कोणाच्या घरी मुलगी झाली, हे सगळं हातांनी. गिरणी गेली, मग काका फोर्टमधल्या एका इमारतीत लिफ्टमन झाले, पण हात वाचायची सवय राहिली. आणि कान अर्धे तिथेच राहिले. आजही त्यांच्याशी बोलताना मी तोंड फिरवलं की ते रागावतात. "तोंड दाखवन बोल," म्हणतात.

अर्ध्या कानाचा माणूस चाळीस-पंचेचाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवत होता, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पण आमच्या चाळीतला गुरुवार त्यांच्याशिवाय उभा राहत नसे. पखवाज गावच्या फणसाचा. अंगणातला फणस वादळात पडला, त्याचं खोड काकांनी एसटीच्या टपावरून मुंबईला आणलं आणि लालबागच्या एका कारागिराकडून कोरून घेतलं. आता त्या कारागिराचा मुलगा चिंतामणी दुकान बघतो. चाळीतल्या पोरांना काका शिकवत तेव्हा कानानं नाही, डोळ्यांनी ऐकत. "वाजव नको, हात दाखव," म्हणायचे. पोरगं हात हलवायचं आणि काका सांगायचे, इथे चुकलास. मी मनातल्या मनात म्हणायचो, म्हातारा थापा मारतो.

त्या पोरांत एक पोरगी होती, त्यांच्या मुलीची मुलगी, श्रेया. आईवडील कुडाळला, ही शिकायला आजोबांकडे. मुलींनी पखवाज वाजवायचा नाही असं मंडळातल्या दोघा-तिघांचं म्हणणं होतं. काकांनी ते कानाआड केलं. ऐकू येत नसल्याचा तेवढा एकच फायदा त्यांनी आयुष्यात घेतला असेल. ती श्रेया आता मेलबर्नला नर्स आहे.

चाळ सुटली आणि मंडळही सुटलं. पेटीवाला विरारला, झांजवाले दोघे कल्याणला, बुवा तर वरच गेले. त्यात मागल्या वर्षी काकांचा डावा हात गेला. झटका सौम्य होता, चालतात-बोलतात, पण डावा उचलत नाही. पखवाज कपाटाच्या बाजूला चादर पांघरून उभा होता. काका त्याच्याकडे पाठ करून बसायचे. मला वाटायचं पंख्याचा वारा लागावा म्हणून. मला बऱ्याच गोष्टी उशिरा कळतात.

श्रेयाचा फोन आला. तिकडे आठ-दहा मराठी घरं महिन्यातून एकदा भजन करतात, पखवाज नाही, टेबल बडवतात. "आजोबा, तुमचाच पाठवा ना." त्याच संध्याकाळी काका माझ्या दारात.

"माधवा, एक ध्यानात ठेव," ते म्हणाले. "नुसतो पोचून उपेग नाय. वाजूक होयो. पोचलो आणि वाजलो नाय, तर तो फणसाचो ओंडको. मगे हयच ऱ्हवांदे."

एवढीच अट. स्वस्तात जावा ही माझी, कारण काकांची सगळी पेन्शन मिळून माझ्या मोबाइलचं बिल भरेल एवढी.

मी कामाला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्याचा भुगा झाला. एकानं सांगितलं, पोस्टानं पाठवा. पोस्टाच्या खिडकीवर लांबी मोजली, घेर मोजला, दोन्हींची बेरीज केली आणि ती त्यांच्या नियमात बसेना. दुसऱ्यानं सांगितलं, कोणी जाणारं बघा आणि त्याच्याबरोबर द्या. जाणारं सापडलं, पण त्याच्या बॅगांत लोणच्याच्या बरण्या होत्या आणि पखवाज म्हटल्यावर त्यानं फोन उचलणं बंद केलं. तिसरा म्हणाला, शिसवाचा असेल तर सरकारी दाखला लागतो. चौथा म्हणाला, आता लागत नाही. पाचवा म्हणाला, लागत नाही पण जवळ असावा. मी ओरडलो, "अहो, पण तो फणसाचा आहे!" तेव्हा तिघंही गप्प झाले, कारण फणसाचं कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटी दादरला एक ऑफिस सापडलं. दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणारं. भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्याखाली चकल्यांच्या रिकाम्या डब्यांची चळत. काउंटरवरच्या बाई हुशार होत्या, पण घाईत. मी वजन सांगितलं, अकरा किलो. खोक्याचं माप सांगितलं. त्यांनी कॅल्क्युलेटर बडवला आणि म्हणाल्या, "छत्तीस किलो."

"अकरा," मी म्हटलं.

"अंकल, ते काट्यावरचं. विमानात तुमचा बॉक्स जागा किती खाणार त्याचं वजन वेगळं काढतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. जे जास्त, त्याचे पैसे."

मी ते घरी येऊन काकांना समजावलं. तीनदा समजावलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "अकरा किलोचो पखवाज छत्तीस किलोचो कसो झालो? त्यांचो काटो बिघडलो वाटता." खरं तर तोपर्यंत मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आणि पैशांचा आकडा तर नाकापेक्षा मोती जड.

मग खोकं लहान करायचं ठरलं. लहान केलं की पैसे कमी, पण मध्ये मऊ भरायला जागा कमी, म्हणजे धोका जास्त. मोठं केलं की पखवाज सुरक्षित आणि आम्ही भिकेला. दोन दिवस मी आणि चिंतामणी टेप घेऊन एकेक बोटासाठी भांडत होतो. काकांनी त्यात आणखी एक काढलं. चाळ सोडताना त्यांनी आपल्या माळ्याच्या सागवानी फळ्या काढून आणल्या होत्या. त्याची पेटी करायची, म्हणाले. चाळीच्या लाकडात गुंडाळून जाईल. मला कल्पना आवडली. बाईंनी फोनवरच हाणून पाडली. कच्च्या लाकडाच्या पेटीला कीड मारायला शेक दिल्याचा शिक्का लागतो, नाहीतर तिकडे उतरू देत नाहीत. फळ्या पुन्हा खाटेखाली गेल्या. काका त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत, जणू तो नियम मी केला होता.

चिंतामणीचं वेगळंच. "विमानाच्या पोटात थंडी असते, कातडं आखडतं. गट्टे ठोकून वाद्या ढिल्या करा," तो म्हणाला. वाद्या म्हणजे दोन्ही तोंडांची कातडी ताणून धरणारे चामड्याचे पट्टे, आणि गट्टे त्यांच्याखालचे लाकडी ठोकळे. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन, "जास्त ढिल्या नको, कातड्यावरच्या काळ्या शाईला तडा जाईल." किती ढिल्या म्हणजे जास्त नाही, हे त्याला विचारलं तर म्हणाला, "अंदाजानं." आता अंदाज हा शब्द कुठल्या फॉर्ममध्ये लिहायचा?

फॉर्म. त्यावर तरी मी राजा होतो. वस्तूचं नाव, वाद्य. लाकूड कुठलं, तर फणस. बाईंनी ते इंग्रजीत टाइप केलं आणि कॉम्प्युटरवर लाल पट्टी आली, फळं स्वीकारली जात नाहीत. वीस मिनिटं आम्ही कॉम्प्युटरला समजावत होतो की फळ नाही, झाड आहे. शेवटी नुसतं 'लाकूड' लिहिलं. प्राण्याचं कातडं आहे का? होय, कमावलेलं, केस नसलेलं. हे मी ठासून लिहिलं, लपवलं नाही. किंमत किती? जास्त लिहिली तर तिकडे कर, कमी लिहिली तर फुटल्यावर भरपाई नाही. काकांना विचारलं. ते म्हणाले, "फणस घरचो. कोरणावळ म्हणान तांदूळ दिल्लंय." मी मधला एक आकडा लिहिला आणि विमा काढला.

मग तो रकाना आला. खाद्यपदार्थ, बियाणं, वनस्पती. मी काकांकडे वळलो, तोंड दाखवून नीट विचारलं, "काका, आत खाण्याचं काही ठेवणार नाही ना?"

"खाऊचा? पखवाजात?" काका हसले. काउंटरवरच्या बाईही हसल्या. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, काहीही नाही. खाली सही माझी, कारण काकांची इंग्रजी सही दरवेळी वेगळी येते.

पाठवायच्या दिवशी पखवाज खोलीच्या मध्यभागी ठेवला. काकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो पखवाज सात समुद्रापलीकडे चललो आसा. वाटेत काय इडापिडा असात ती दूर कर, आणि लेकराच्या हातात सुखरूप पोचव रे म्हाराजा." मी आणि चिंतामणी "व्हय म्हाराजा" म्हणालो. मग काकांच्या बायकोनं, रखमाकाकींनी, शिवलेल्या गोधडीत गुंडाळायचं ठरलं. मी टॅक्सी बघायला खाली गेलो, चिंतामणी चिकटपट्टी आणायला. परत आलो तेव्हा गोधडी बांधून झाली होती. आम्ही खोक्यात घातली, फोम कोंबला, पट्ट्या मारल्या. दादरच्या बाईंनी वरचं झाकण उघडून पाहिलं, गोधडी दिसली, वाद्याचं एक टोक दिसलं. गेला.

दहा दिवसांत पोचणार होता. मोबाइलवर कुठे आहे ते दिसतं, म्हणून काका सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे. पहिल्या दिवशी पखवाज अंधेरीला. तिसऱ्या दिवशी दिल्लीला. "दिल्लीक कित्याक?" मला काय माहीत! मग सिंगापूर, मग पुन्हा काहीच नाही, मग एकदम मेलबर्न. काकींनी शिरा केला. मेलबर्नच्या पुढे एक इंग्रजी शब्द आला, त्याचा अर्थ मी 'तपासणी' असा सांगितला. दहा दिवसांचे अठरा झाले, तरी तपासणीच. काका विचारायचे, "काय तपासतत?" मी म्हणायचो, "असतं तसं." एकतीस वर्षं लोकांना मी हेच सांगत आलो होतो.

विसाव्या दिवशी ईमेल आला. बरोबर एक फोटो. पांढऱ्या टेबलावर एक स्टीलची डबी, बाजूला मोजपट्टी. डबीच्या झाकणावर कोरलेलं स्वच्छ वाचता येत होतं, बु. वि. परब.

मी तसाच काकांकडे गेलो. रखमाकाकींनी फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगो बाय, आमची डबी! पोचली!"

"काकी, ह्यात काय होतं?"

"पीठ. गव्हाचा."

मला कळेना. मी खरंच बावळटासारखा उभा राहिलो. मग काका शांतपणे, वर्गातल्या ढ पोराला सांगावं तसं, सांगू लागले. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डावीकडच्या कातड्याला, वाजवायच्या आधी कणीक लावतात. भिजवलेल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय डाव्यातून खालचा आवाज निघत नाही. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची. काका भजनाला बाहेर निघाले की काकी पिठाची ती डबी पखवाजाला बांधून देत. लोकांच्या दारात जाऊन पीठ मागायचं नाही. पंचेचाळीस वर्षांत पखवाज त्या डबीशिवाय उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. म्हणून त्या दिवशीही काकींनी डबी पखवाजाच्या एका वादीला बांधली, वर गोधडी गुंडाळली. काकांनी पाहिलं होतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

"पण मी विचारलं होतं! खाण्याचं काही आहे का म्हणून!" माझा आवाज चढला.

"मगे? मी नाय म्हटलंय," काका म्हणाले. "पखवाजाची कणीक कोण खाता?"

मी खाली बसलो. वीस दिवसांत त्या पिठाला अळ्या लागल्या होत्या. ईमेलमध्ये ते 'जिवंत कीटक' असं लिहिलं होतं. कागदावर 'काहीही नाही', आणि आत धान्याचं पीठ, तेही किडलेलं, लाकूड आणि कातड्याला चिकटून. पुढे तीन पर्याय दिले होते. तुमच्या खर्चानं औषधाची धुरी द्या, तुमच्या खर्चानं परत न्या, किंवा नष्ट करू. अमुक दिवसांत कळवलं नाही तर तिसरा. विम्याचे कागद काढले. चुकीची माहिती दिल्यास भरपाई नाही, असं बारीक अक्षरात होतंच. ते कलम मला तोंडपाठ आहे. त्याच कलमाखाली मी किती जणांना रिकाम्या हातानं परत पाठवलं असेल, देव जाणे. एक बाई तर शिलाई मशीनसाठी चारदा आल्या होत्या. "मला कळलं नव्हतं हो साहेब," म्हणायच्या. मी म्हणायचो, सही तुमचीच आहे ना?

इथे तर सही माझी होती.

ते तीन पर्याय मी काकांना सांगितले. तिसरा सांगताना मी तोंड फिरवलं. काकांनी माझी हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. "परत सांग."

"नष्ट करतील, काका. चूक माझी आहे. मी नीट विचारायला हवं होतं."

त्यांनी माझी हनुवटी सोडली. मग म्हणाले, "तू विचारलंस, मी सांगलंय, तिना बांधला. आता चूक वाटून घेतली तर तीन वाटे होतत. जळूक मात्र देव नको."

मला रडू आलं. चौसष्टाव्या वर्षी शेजाऱ्याच्या खोलीत रडणं काही बरं दिसत नाही, पण आलं.

श्रेयानं तिकडून धुरीचे पैसे भरले. ती रक्कम तिनं आजोबांना सांगितली नाही, मला सांगितली, आणि मीही इथे सांगत नाही. पण पैसे भरले म्हणून माझा गोंधळ संपला नाही. धुरीनं कातड्याला काय होतं? चिंतामणीला विचारलं. तो म्हणाला, "काही होणार नाही." मग म्हणाला, "बहुतेक." मग म्हणाला, "शाई मात्र..." आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. मी रात्रंदिवस ते 'मात्र' घेऊन फिरत होतो. रखमाकाकींनी त्या आठवड्यात गव्हाच्या पिठाला हात लावला नाही. रोज भाकरी. काका काही न बोलता खात. शेवटी मीच दोन पोळ्या नेऊन दिल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "डबी तरी परत देतीत काय रे ते?" मी म्हटलं, हो. खोटं होतं. ईमेलमध्येच लिहिलं होतं, डबी फोटोनंतर लगेच कचऱ्यात गेली.

सदतिसाव्या दिवशी श्रेयाचा मेसेज आला. मिळाला. दुपारी व्हिडिओ कॉल करते.

काकांनी दाढी केली. काकींनी माझा मोबाइल पाण्याच्या पिंपाला टेकवून उभा केला. श्रेया दिसली, जमिनीवर मांडी घालून बसलेली, मांडीसमोर पखवाज, तिच्यामागे एक मोठी खिडकी आणि परकं ऊन. खोडावर कसलासा हिरवा कागद चिकटवलेला होता.

"आजोबा, माधवकाका, ऐकू येतंय?"

"येतंय, येतंय," मी म्हटलं. तिचा आवाज अगदी खणखणीत येत होता.

"वाद्या मी ताणून घेतल्यात. इथली कणीक लावलीय, दुकानातली. वाजवते हं."

तिनं नमस्कार केला आणि हात उचलले. उजवा पडला, डावा पडला. आवाज आलाच नाही.

मी मोबाइलचा आवाज वाढवला. तो पूर्ण होता. तिचे हात पडत होते, उठत होते, मान डोलत होती, आणि फोनमधून मध्येच एखादं 'टक्' यायचं, बाकी शांत. तिच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत नव्हत्या. शाई गेली. धुरीनं कातडं मेलं. ओंडका पाठवला आम्ही, छत्तीस किलोंच्या हिशेबानं. श्रेयाला काय सांगावं? तिला दिसत असेलच की. मग ती वाजवत का राहिलीय? आम्हाला वाईट वाटू नये म्हणून? रखमाकाकींनी पदर तोंडाला लावला. मी फोनवर हात मारला, पिंपावरून तो घसरला, पुन्हा लावला. "श्रेया, थांब," मी म्हणणार होतो.

काकांनी माझा हात धरला आणि खाली दाबला. ते फोनच्या अगदी जवळ सरकले होते. डोळे श्रेयाच्या हातांवर. गिरणी बंद होऊन चाळीस वर्षं झाली, पण साचेखात्यात उभे असल्यासारखे बघत होते. थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलायला लागले. तिट, कत, गदि, गन, धा. उजवा हात मांडीवर पडू लागला. डावा तसाच पडून होता, म्हणून डाव्याचंही उजव्यानंच वाजवत होते.

मग एकदम म्हणाले, "थांब गो."

श्रेया थांबली.

"डाव्याक कणीक कमी लावलंस."

ती बघतच राहिली. "हो, आजोबा. खालचा आवाज नीट येत नाहीये. तुम्हाला एवढ्या लांबून ऐकू आलं?"

"ऐकूक नाय. बघलंय. तू डावो दाबून मारतस. आवाज खाली उतरना नाय म्हणान मारतस. लाव आणखी."

तेव्हा कुठे मला, माझ्यासारख्या शहाण्याला, हळूहळू उलगडलं. नंतर श्रेयानंही सांगितलं, हे फोन माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवतात आणि बाकीचा गोंगाट समजून पुसून टाकतात. पखवाजाचा गोंगाट झाला होता. पण त्या क्षणी हे कोणालाच माहीत नव्हतं. श्रेया उठली, स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा घेऊन आली, अंगठ्यानं डाव्या पुडीवर थापला, पाण्याचं बोट फिरवलं, कडा नीट केल्या. काका मान हलवत होते, "आणखी... आणखी... बस."

ती पुन्हा वाजवू लागली. आमच्या खोलीत पंख्याचा आवाज, खाली कोणाची तरी गाडी मागे घेतल्याची पिपाणी, आणि काकांचे बोल. फोनमधून काहीच नाही. काकांचा चेहरा मात्र मी गुरुवारी चाळीत बघायचो तसा झाला होता, पार तसा. आता श्रेयाचा डावा हात हलका पडत होता, तेवढं मलाही दिसलं.

रखमाकाकींना धीर धरवेना. त्यांनी पदर खाली केला, काकांसमोर येऊन, त्यांना ओठ दिसतील अशा वाकल्या आणि विचारलं, "अवो, वाजता काय?"

काकांनी त्यांच्या ओठांकडे एकदा पाहिलं आणि नजर पुन्हा फोनकडे नेली. म्हणाले, "मगासपासून."